हळद लागलेली रूपाली आणि छिंदवाड्याची बस

२०१९ साली, आषाढी एकादशी होऊन दहाएक दिवस झाले असतील, तेव्हा हे घडलं. साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी वैशाखात माझ्या पुतण्याचं, अंकुशचं लग्न झालं होतं आणि त्या लग्नातली उरलेली हळद माझ्या घरात पडून होती.

आमचं खेडं मध्य प्रदेशात, पांढुर्णा-सौंसर रस्त्यावर आहे. तिथे मी पंचावन्न वर्षांपूर्वी सून म्हणून आले. तेव्हा गावात आरसे मोजून चार होते, आणि तरी बायका आजच्यापेक्षा नीटनेटक्या दिसत. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून त्या फेसाने केस धुवायचे. डोळे मिटून धुवायचे, नाहीतर दिवसभर रडल्यासारखं दिसतं. जास्वंदाची फुलं खोबरेल तेलात मंद आचेवर उकळायची, फुलं काळी पडली की उतरवायचं. संत्र्याची सालं सावलीत वाळवायची, उन्हात नाही. उन्हात वाळली की वास उडतो आणि नुसता भुसा हाती राहतो. मसुराच्या डाळीबरोबर ती दळली, सायीत कालवली, की तोंडाला लावायला याहून चांगलं काही नाही. हे सगळं गावातल्या पोरी मला विचारत. मोबाईल आल्यावर विचारणं कमी झालं. मोबाईलवरची बाई तोंडाला टोमॅटो लावायची, पोरी टोमॅटो लावायच्या.

चंद्रकलाची रूपाली तेवढी माझ्याकडे यायची. चंद्रकला माझी शेजारीण. रूपालीला पार्लरचं काम शिकायचं होतं. छिंदवाड्याला एका प्रशिक्षण केंद्रात वर्षभराचा कोर्स होता, राहायची सोय होती आणि एकच जागा उरली होती. सोमवारी बारा वाजेपर्यंत स्वतः हजर राहायचं, मॅडम बोलून बघणार, मग नाव घालणार. चंद्रकलाने साफ सांगितलं होतं, "जागा भेटली त जा. नाही भेटली त लोधीखेड्याच्या गजेंद्रले हो म्हणतो मी. दोन वर्षं झाले, तो वाट पाहून राहिला." गजेंद्र वाट बघत होता असं काही मला दिसलं नाही. पण स्थळ होतं, आणि चंद्रकलाला ते पसंत होतं.

रविवारी दिवेलागणीला रूपाली माझ्याकडे आली. म्हणाली, "आजी, उद्या चेहरा चांगला पाहिजे. पार्लरवाल्या मॅडमसमोर अशे फोडं घेऊन जाऊ काय?"

मी संत्र्याच्या सालीची भुकटी काढली, साय काढली. त्यात आंबेहळद चिमूटभर घालतात. नेमकी लाईट गेली. माझ्या फळीवर दोन डबे शेजारी-शेजारी होते, दोन्ही एकाच बिस्किटाचे. एकात आंबेहळद. दुसऱ्यात अंकुशच्या लग्नाची हळद. ही हळद पाच सवाष्णी गाणी म्हणत जात्यावर दळतात; उरली तर ती भाजीत घालत नाहीत आणि फेकतही नाहीत. म्हणून ती नुसती ठेवायची असते. मी अंधारात डबा उघडला, आणि चिमूट म्हणता म्हणता मूठ पडली. तोंडाला लावलं, मानेला लावलं, उरलं ते हातांना कोपरापर्यंत.

सकाळी सहा वाजता दार वाजलं. बाहेर रूपाली उभी. पिवळी म्हणजे किती पिवळी, तर मागे चंद्रकला उभी होती ती मला आधी दिसलीच नाही.

"आजी, हे काय लावलं तुम्ही मले? तीन वेळा तोंड धुतलं!"

मी फळीवरचे डबे पाहिले आणि चूक लक्षात आली. खरं लपवायची माझी सवय नाही. सांगून टाकलं. चंद्रकलाने कपाळावर हात मारला. "लग्नाची हळद? माय व! आता हिले शिवेच्या बाहेर कशी नेऊ मी?"

आमच्याकडे हळद लागली की लग्न लागेपर्यंत मुलीने गावची शीव ओलांडायची नाही. हातात अडकित्ता घेऊन घरात बसायचं. हा नियम मीही पाळलेला, दोन दिवस. दोन दिवसांत माझी सुपारी कातरून संपली होती.

"ही काही खरी हळद लागली नाही," मी म्हटलं. "ही सौंदर्याची हळद आहे." बेसन लावलं, दही लावलं. पिवळं जाईना. खोबरेल तेल चोळलं, तर ते पिवळं चमकायला लागलं. शेवटी रूपालीने तोंडाला ओढणी बांधली, हात झाकायला माझी शाल घेतली आणि आम्ही तिघी थांब्यावर गेलो. आषाढात शाल घेतलेली मुलगी बघून कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली.

थांब्यावर नत्थूजी बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. गावात पंचांग दोन घरांत होतं, पण लोक नत्थूजींनाच विचारत, कारण पंचांग वाद घालत नाही. बस आली. रूपालीने दांडा धरायला हात वर केला, शाल घसरली.

"थांब," नत्थूजी म्हणाले. "ह्या पोट्टीले हळद लागून आहे."

कंडक्टर श्रावण, आमचा ओळखीचा. त्याने घंटी मारायला धरलेली दोरी सोडली. "आजी, खरंच का? मंग मी नाही चढवत बाप्पा. मागच्या साली मोहगावच्या थांब्यावर अशीच एक चढवली होती, रामाकोन्याले पोचेपर्यंत दोन टायर गेले."

"टायर जुने असतील."

"नवे होते आजी. बसपेक्षा नवे."

नत्थूजींनी विचारलं, "लगन कवा आहे?"

"लग्नच नाही आहे," चंद्रकला म्हणाली.

"लगन नाही आन् हळद आहे? हळद कोणाची?"

मी सांगितलं. लग्नाची, पाच सवाष्णींची, जात्यावरची. नत्थूजींनी डोळे मिटले. "मंग ते लागलीच. आता देव झोपले. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही. चार महिने घरात बसव, हाती अडकित्ता दे."

"चार महिने!" रूपालीने ओढणी खाली ओढली आणि अख्खी बस खिडक्यांशी गोळा झाली. "बाबाजी, बारा वाजता यादी बंद होते. एक जागा आहे. आज नाही गेली त जागा गेलीच समजा."

बसमधून पांढुर्ण्याची एक बाई ओरडली, "आमच्याकडं हळद तिसऱ्या दिवशी उतरते!" दुसरी म्हणाली, "ते उतरते, पण लगन लागल्यावर." ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ खाली उतरून रूपालीचं तोंड जवळून बघून गेले आणि परत जागेवर बसले.

चंद्रकलाने घाबरून गजेंद्रला फोन लावला, आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "जावईबापू, पोरीले हळद लागली."

"कोणाची?" गजेंद्र म्हणाला.

"तेच समजून नाही राहिलं. नत्थूजी म्हणते, चार महिने मुहूर्त नाही. तुम्ही येता काय?"

"मामी, मी पाठीवर पंप घेऊन कापसात उभा आहे. चार महिने आहेत म्हणता ना, मंग आजच काय घाई? फवारणी होऊ द्या." फोन बंद झाला.

रूपालीने ओढणीने डोळे पुसले. तेवढ्यानं ओढणी पिवळी झाली नाही, म्हणजे रंग किती आत गेला होता ते बघा. ती माझ्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी थांब्याशेजारच्या दुकानातून कपड्याच्या साबणाची वडी घेतली. तोंडाला कपड्याचा साबण लावू नये हे मी पन्नास वर्षं पोरींना सांगत आले आहे. कातडी फाटते, ओढली जाते. पण त्या दिवशी मी तिला हापशावर नेलं, श्रावणला हापसायला लावलं आणि तोंड, मान, हात, सगळं वडीने घासलं.

फेस उतरला. रूपाली पिवळी नव्हती. लाल झाली होती. कपाळापासून कोपरापर्यंत, विटेसारखी लाल.

"हे राम," चंद्रकला म्हणाली आणि हापशाच्या कठड्यावर बसली.

मी मनात म्हटलं, आता मलाच गाव सोडावं लागणार. नत्थूजी काठी टेकत आले. रूपालीच्या कपाळाला बोट लावलं, बोट बघितलं, परत लावलं. मग शांतपणे विचारलं, "देवकाबाई, कुंकू कायचं करतात?"

"हळदीचंच," मी म्हटलं. "हळदीले क्षार लावला की कुंकू होते."

"मंग हळदीचं कुंकू झालं. पोट्टीच्या कपाळावर झालं. सगळ्यांसमोर झालं." नत्थूजी बसकडे वळले. "लगन लागलं!"

मी एवढ्या वर्षांत पुष्कळ लग्नं बघितली. इतकी शंका नसलेलं लग्न बघितलं नाही. पांढुर्ण्याच्या बाईने पिशवीतले तांदूळ काढले आणि खिडकीतून टाकले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी पुन्हा खाली उतरून रूपालीच्या हाती दहाची नोट दिली. कोणी तरी विचारलं, "नवरदेव कोण पण?"

नत्थूजींनी थोडा विचार केला. "ज्यानं कुंकू लावलं तो." आणि त्यांनी माझ्या हातातल्या वडीकडे बोट केलं.

चंद्रकला मोठ्याने रडायला लागली. लग्न कसंही लागलं तरी पाठवणीला रडावं लागतं. "माझी लेक चालली व!" तिने रूपालीला मिठी मारली, माझ्या कानात म्हणाली, "सांभाळजा तिले," आणि वडी ओल्या फडक्यात गुंडाळून लेकीच्या ओटीत घातली. रूपालीने एकदा नत्थूजींकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि वाकून त्यांच्या पाया पडली. बुद्धीची पोरगी. वाद घालायची वेळ नाही हे तिला कळलं.

श्रावणने तिकीट फाडताना विचारलं, "नवरदेवाचं?"

"मांडीवर बसून राहिला ना," मी म्हटलं.

"मंग जाऊ द्या. मांडीवरच्याचं लागत नाही."

मी पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर गेले. सौंसर गेलं, रामाकोना गेलं, एकही टायर गेला नाही. श्रावण दर थांब्याला वाकून बघत होता आणि शेवटी थोडा निराश झाला.

केंद्रात पोचलो तेव्हा पावणेबारा. मॅडमनी मान वर केली आणि पेन खाली ठेवलं. "ये क्या पोतके आई हो, बेटा?"

मला वाटलं, संपलं. रूपाली खुर्चीत बसली, घामाने लाल ओघळ मानेवर आले होते. ती म्हणाली, "मॅडम, ये नुकसान का नमूना है. पहले हल्दी लगी, बहुत ज्यादा. फिर कपडे का साबुन लगा. साबुन से हल्दी लाल होती है. निंबू मिलेगा?"

शिपाई चहाच्या टपरीवरून लिंबू घेऊन आला. रूपालीने ते कापलं, रस पाण्यात पातळ केला, कापसाने डाव्या गालावर लावला. गाल पुन्हा पिवळा झाला. उजवा लाल, डावा पिवळा. मग तिने खोबरेल तेल मागितलं, लाल गालावर बोटभर लावून थांबली, कापसाने हळूहळू पुसलं. कापूस रंगत गेला. जेवढं निघायचं तेवढं निघालं. "तेल पहले लगाना था," ती म्हणाली, "और रुकना था, रगडना नहीं. सुबह हमने पहले दही लगाया, फिर जल्दी में तेल रगडा, इसलिए नहीं निकला."

मॅडम उठून आल्या, दोन्ही गाल बघितले. "किसने सिखाया?"

रूपालीने माझ्याकडे बोट केलं. मला मान खाली घालावी असं वाटलं, कारण अर्धं मी शिकवलं होतं आणि अर्धं माझ्यामुळे झालं होतं. मॅडमनी बाराला तीन मिनिटं असताना यादीत नाव घातलं.

रूपालीचं आता सौंसरला बसस्टँडच्या मागे पार्लर आहे, दोन मुली हाताखाली आहेत. तिने २०२३ मध्ये सिवनीकडच्या एका शिक्षकाशी लग्न केलं. तेव्हा नत्थूजींनी हरकत घेतली की पहिल्या नवऱ्याची सोडचिठ्ठी कुठे आहे. ती वडी मी त्याच दिवशी छिंदवाड्याहून परत आणली होती आणि चंद्रकलाने ट्रंकेत जपून ठेवली होती. रूपालीने ती काढून आईचं लुगडं धुतलं, वडी संपेपर्यंत धुतलं, आणि नत्थूजींना रिकामं फडकं दाखवलं. त्यांनी ते चालवून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात नत्थूजी गेले, झोपेत, कुणाशी वाद न घालता.

गजेंद्रची फवारणी झाली, वेचणी झाली, मग त्याने नरखेडकडची मुलगी केली. चंद्रकलाशी तो अजून मामी म्हणूनच बोलतो. श्रावण आता नागपूरच्या गाडीवर आहे आणि हळद लागलेल्या नवऱ्या बिनधास्त चढवतो. फक्त चढण्याआधी हातात साबणाची वडी आहे का ते विचारतो. चंद्रकला लेकीच्या पार्लरमध्ये महिन्यातून एकदा भुवया कोरून घेते आणि घरी येऊन सांगते की दुखलं नाही.

माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं दिवाळीनंतर आहे. संत्र्याची सालं अजून मीच वाळवते. पोरी येतात, घेऊन जातात. हल्ली त्या डबा माझ्या हातून घेत नाहीत, फळीवरून स्वतः काढतात.