जुना चमचा, नवा डबा

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. फिकट निळा, प्लास्टिकचा, आखूड दांड्याचा. बाळाच्या दुधाची पावडर मोजण्यासाठी माझा जन्म झाला. एका साच्यातून आम्ही हजारो भावंडं पडलो आणि एकेक जण एकेका डब्यात पावडरीखाली जाऊन बसला. मला एवढंच ठाऊक होतं की तीस मिलिलिटर पाण्याला माझं एक सपाट माप घालायचं.

ज्या घरी मी आलो, तिथे चार महिन्यांची मुलगी होती. तिच्या आईची आई, म्हणजे आजी, तिला गाठोडं म्हणायच्या. आई शिवणकामाच्या कारखान्यात पुन्हा रुजू झाली होती, त्यामुळे दिवसभराच्या बाटल्या आजींकडे होत्या. आजींचा हात नेमका. आधी पाणी, मग पावडर. मला भरायचं आणि सुरीच्या पाठीने सपाट करायचं. जावई म्हणायचा, आई, तुम्ही औषधाच्या दुकानात बसायला हवं होतं. त्यातली थोडी स्तुती मी आपल्या पदरात पाडून घेत असे.

मग आमची पावडर दुकानात मिळेनाशी झाली. डॉक्टरांनी दुसरी लिहून दिली आणि एकदम न बदलता रोज नव्या पावडरीची एकेक बाटली वाढवायला सांगितली. आजींनी तसंच केलं. जावयाने नव्या मोठ्या डब्यावरचं वाचून दाखवलं: एकशेवीस मिलिलिटरला दोन चमचे. नवा चमचा पावडरीत खोल बुडालेला होता. त्यासाठी डब्यात बोटं घालणं आजींना पटेना. धुतलेला, सवयीचा मी हाताशी होतोच. त्यांनी मला कोरडा करून नव्या डब्यात ठेवलं. मला फार मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं.

गाठोडं बाटली संपवून रिकामं निपल चोखत राही आणि किरकिर करी. नवी पावडर मानवत नाही, असं आजींचं मत पडलं. जावई म्हणाला, डबा तर सरता सरत नाही, या पावडरीला बरकत आहे. दहाव्या दिवशी बाळाचं वजन केलं, तेव्हा ते वाढायच्या ऐवजी कमी भरलं. मग घरात कोणी थट्टा केली नाही.

दवाखान्यातल्या नर्सताईंनी पावडरीला दोष दिला नाही. डबा, बाटली, चमचा घेऊन या आणि माझ्यासमोर दूध करून दाखवा, म्हणाल्या. आजींनी दोन सपाट चमचे घातले. नर्सताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वच्छ चमच्याने डब्यातली पावडर बाजूला सारली. आतून माझ्या दुप्पट आकाराचा पांढरा चमचा निघाला.

"आजी, हा निळा या डब्याचा नाही. बाळ इतके दिवस अर्धपोटी राहिलंय."

घरी आल्यावर आजी लेकीला म्हणाल्या, "उद्यापासून कामाला बाई लाव. माझ्या हाताचा भरवसा नाही."

लेक रागावलेली होती, हे मला दिसत होतं. ती बराच वेळ बाटली घासत राहिली. मग म्हणाली, "रात्रीच्या बाटल्या मीही याच चमच्याने केल्या ना? मी तरी कुठे डबा वाचला?" तिने पांढरा चमचा आजींच्या हातात ठेवला. "सहाची बाटली राहिलीय, आई. तूच कर."

आजींनी डब्यावरचं तीनदा वाचून बाटली केली. पुढच्या आठवड्यात वजनाचा काटा वर सरकला.

आता गाठोडं शाळेत जातं. आजी नाहीत. त्यांच्या चष्म्याशेजारी, खणात, त्यांच्या लेकीने मला ठेवलंय.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात की आम्हाला टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. डबा संपला की त्याचा चमचाही त्याच्याबरोबर जाऊ द्या. नव्या डब्याचं माप शोधा, त्यावरचं स्वतः वाचा. आणि एखाद्याच्या हाताची आठवण म्हणून मला ठेवावंसं वाटलंच, तर खणात ठेवा. डब्यात नको.