करवानचा भारदस्त आवाज

इम्बाबा मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत कोणाचंही लग्न असो, स्पीकर वगीहचेच लागत; सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, म्हणत. आणि वगीहचं मत असं, की त्या स्पीकरांच्या लायकीचा माणूस अजून जन्माला यायचा होता. नवरदेव त्याला बैल वाटत, पाहुणे ठार बहिरे. पण खरा दात करवानवर. चकचकीत कोट घालून आलेल्यागेलेल्यांना माइकवरून नाव घेऊन सलाम ठोकायचा, एवढंच त्याचं काम; आणि तोरा मात्र असा, की लग्न ह्याचंच.

"माझा आवाज खालच्या सबवूफरमधून आला पाहिजे," त्या संध्याकाळी करवानने फर्मान सोडलं. "लोकांच्या छातीत घुमला पाहिजे."

"ते ढोलासाठी असतात, राजा," वगीह म्हणाला. "नव्वद हर्ट्झच्या खालचं तेवढं त्यांच्याकडे, वरचं सगळं वरच्या स्पीकरकडे. आणि सीमेवरचा उतार कड्यासारखा खडा ठेवायचा, म्हणजे इकडचं तिकडे सांडत नाही. तुझा गळा खाली सोडला तर रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं होईल."

नवरदेवाचा बाप, मेतवल्ली खाटीक, मध्ये पडला. "तो म्हणतो तसं कर, उस्ता. कलाकार तो आहे. तू वायरी जोडतोस."

वायरी जोडतोस! वगीहच्या मस्तकात तिडीक गेली. "जशी आज्ञा," म्हणत त्याने ती सीमा नव्वदवरून थेट दोनशेवर नेली, उतार होईल तेवढा सपाट केला आणि चहाचा ग्लास घेऊन खुर्चीत रेलला. बघू आता गाढवाची फजिती.

करवानने माइक धरला. "हज्ज... भुम्म... गल्लीचा वाघ... भुम्म..." एक नाव कळेना. लोक आता आरडाओरडा करणार, म्हणून वगीह गालात हसत कान टवकारून बसला. लोक ओरडलेही, पण खुशीने! खुर्च्यांवर चढून नाचायला लागले. पोटात धडधडलं की ह्यांचं भागलं, शब्द हवेत कोणाला? वगीहला चहा कडू लागला.

शब्द हवे होते ते फतहल्लाला. तो नवरीचा मामा, फय्यूमहून गाडीभर माणसं घेऊन आलेला. तो ताडकन उठला.

"सगळ्यांना सलाम झाले. मला काय रस्त्यावरून उचलून आणलाय?"

"मामा, दोनदा घेतलं की तुमचं नाव!" करवान गयावया करू लागला.

"वर खोटं बोलतोस?" मामाने काठी उचलली, माणसांना खूण केली आणि सगळा गोतावळा गल्लीच्या तोंडाकडे निघाला.

नवरी इन्तिसार स्टेजवरून उतरली. पांढऱ्या झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलून ती वगीहच्या टेबलापाशी आली. त्याला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही.

"करवान मूर्ख आहे, उस्ता. तुम्ही नाही. तो बोलत होता तेव्हा तुम्ही हसत होतात. मी वरून बघत होते. माझ्या लग्नात केलंत हे."

वगीहने चहाचा ग्लास खाली ठेवला. त्याने सीमा खाली आणली, उतार पुन्हा खडा केला. "घे परत मामांचं नाव," तो करवानवर खेकसला.

"फय्यूमच्या फतहल्लांना, इन्तिसारच्या सख्ख्या मामांना, सलाम!"

अक्षर न् अक्षर गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं. मामाचा एक पाय गाडीत होता, तो त्याने बाहेर काढला. पण आणखी दोन सलाम वसूल केल्याशिवाय काही तो माघारी फिरला नाही.

"गळा तापायला जरा वेळ लागतो," करवान कोट झटकत सांगत होता. मेतवल्लीने त्याला मिठी मारली आणि वगीहला सुनावलं, "शीक काहीतरी याच्याकडून."

वगीहने उत्तर द्यायला तोंड उघडलं. स्टेजवर मामाशेजारी बसलेली इन्तिसार त्याच्याकडेच बघत होती. त्याने तोंड मिटलं आणि ढोल थोडा वाढवला.