रायापूरची भट्टी

"विझली परत!" उत्तरा ओरडली. यशवंतअप्पांनी चष्मा पुसून भट्टीच्या काचेला डोळा लावला. आत नुसते निखारे धुगधुगत होते.

कोळसा जाळूनही धूर न सोडणारी ही छोटी भट्टी उत्तरानं रायापूरच्या शेडमध्ये तीन वर्षं खपून उभी केली होती. पैसा दिल्लीच्या केंद्र सरकारचा. आज बाराला तिथली समिती येणार होती. चार तास आग टिकली तर काम पुढे, नाहीतर शेडला कुलूप. थर्मल वीजकेंद्रात तीस वर्षं बॉयलर सांभाळून रिटायर झालेल्या अप्पांना तिनं सल्ल्यासाठी बोलावलं होतं खरं, पण आठवडाभर काही विचारलं मात्र नव्हतं.

"कोळसा वल्ला हाय, अक्का."

"नाही हो. सकाळीच मोजलाय. ओल मोजायचं मशीन कोरडा दाखवतंय."

"वरचा मोजलासा."

अप्पांनी शर्ट काढला आणि कोळशाच्या पिंपात खांद्यापर्यंत हात घातला. तळाचा मूठभर चुरा काढून तिच्या तळहातावर दाबला. त्याचा लाडू झाला.

उत्तरानं तो बोटानं दाबून पाहिला. "अप्पा, तुम्हाला आधीच विचारायला हवं होतं."

"आता विचारलासा की. ताडपत्री आणा."

दोघांनी उन्हात चुरा पसरला, खालीवर केला, परत भरला. समिती आली तेव्हा आग धरली होती. चार वाजले तरी ती हलली नाही.

"जमवलं कुणी?" समितीच्या प्रमुखांनी विचारलं.

"ह्यांनी. आमचे यशवंतअप्पा," उत्तरा म्हणाली.

प्रमुखांनी पुढे होऊन हात मिळवला. अप्पा म्हणाले, "चहा घ्या."

मग ते बाहेर आले, सवयीनं चिमणीकडे पाहिलं. वर धूरच नव्हता. ते धावतच आत गेले. "अक्का, विझली!"

"जळतेय अप्पा. बघा की." उत्तरा हसत होती. काचेआड पिवळी ज्योत शांत तेवत होती.

अप्पांनी घरी बायकोला फोन लावला. "अंबू, रिक्षा करून ये. आत्ताच्या आत्ता."

थर्मलच्या कॉलनीत अंबूताईनं जन्मभर वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकली होती. तिथलाच दमा तिच्यासोबत इकडे आला होता. ती धापा टाकत उतरली.

"काय झालं हो? पडलासा काय?"

"वर बघ."

"काय बघू? कायच नाही की तिथं."

"आत आग चालू हाय."

अंबूताईनं एकदा शेडकडे पाहिलं, मग परत वर. हळूच म्हणाली, "हे आपल्या वेळंला का नव्हतं हो?"

रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तरी ती मान वर करून तशीच उभी राहिली.