होयबाचं पहिलं 'नाही'

होयबाला 'नाही' म्हणता येत नव्हतं, आणि त्यापायी त्याची नवी नोकरी जायची वेळ आली होती. हसाल तुम्ही, पण त्याच्या जागी उभं राहून बघा. बिचाऱ्याचा सगळा जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. तिथे धडा एकच: गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पायरी उतरता कामा नये. निळं मागितलं आणि निळं नसलं, तर "आहे ना!" म्हणत हिरवं उलगडायचं. तिथेच त्याचं नाव होयबा पडलं, आणि हा शहाणा त्या हाकेलाही 'हो' द्यायचा. पुढे ते दुकान बंद पडलं. कित्येक महिने हा घरी बसून भिंतींची तोंडं बघत होता. शेवटी सासूबाईंनी ओळखीच्या मालकाकडे शब्द टाकला आणि त्याला औषधांच्या दुकानात चिकटवून दिलं. आधी शिकायचं, जमलं तर पक्कं व्हायचं.

शिकवायला होत्या फार्मासिस्ट मॅडम. वयाने त्याच्याहून लहान, आवाज हळू, पण चष्म्यावरून बघितलं की समोरचा सुतासारखा सरळ. मुदत कशी तपासायची, फ्रीजमध्ये काय ठेवायचं, मिळत्याजुळत्या नावांचे डबे शेजारी का ठेवायचे नाहीत, हे सगळं तो भराभर शिकला. घोडं अडलं ते काउंटरवर. एका गृहस्थांनी खोकल्याचं औषध मागितलं, तर याने बाटल्यांची रांगच मांडली. "ही संत्र्याच्या चवीची बघा. आणि ही? जरा भारीतली आहे, पण टिकाऊ!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यांना खोकला टिकवायचा नाहीये!"

त्यावर कडी म्हणजे, एकाने चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागितल्या. याला नाही म्हणवेना, म्हणून ठोकून दिलं, "आत्ताच संपल्या हो, उद्या या!" दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधी तो माणूस दारात हजर. मग जो तमाशा झाला, तो सगळ्या रस्त्याने फुकटात बघितला.

तेव्हा मात्र मॅडमनी स्पष्टच सांगितलं. "कामात तुम्ही हुशार आहात. पण औषध देणाऱ्याला नाही म्हणता आलंच पाहिजे. शनिवारपर्यंत तुमच्या तोंडून एक सरळ नाही ऐकू आलं नाही, तर मला मालकांना सांगावं लागेल."

होयबाचं धाबं दणाणलं. पुन्हा घर, पुन्हा त्याच भिंती! बायकोने लगेच सराव घ्यायला सुरुवात केली.

"चहा घेता?"

"नाही."

"वा! मग मीच पिते."

त्याचा चेहरा एवढासा झाला. "अर्धा कप तरी दे गं."

"गेली नोकरी!" ती म्हणाली, आणि दोघं हसत सुटली. पण हसू ओसरल्यावर त्याने तिचा हात धरला. "मला खरंच भीती वाटतेय," तो म्हणाला.

शनिवार उजाडला. मेलं एक गिऱ्हाईक वावगं काही मागेल तर शपथ! सगळे आपले चिठ्ठ्या घेऊन, शहाण्यासारखे. संध्याकाळी मॅडम मागे खोकी उघडत होत्या, तेवढ्यात लंगडत आत आल्या त्या खुद्द सासूबाई.

"जावईबापू, गुडघा फार ठणकतोय. शेजारीण घेते ती कडक गोळी द्या. ही बघा, तिची रिकामी स्ट्रिप आणलीय."

सवयीने हात कप्प्याकडे गेलासुद्धा. पण मॅडमनी घोटून घेतलेला प्रश्न आपसूक तोंडातून निघाला. "आई, सध्या दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

"हृदयाची ती रक्त पातळ करायची गोळी. रोजचीच आहे, तिचं काय एवढं?"

त्याचा हात तिथल्या तिथे थांबला. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. "मी शब्द टाकला म्हणून तुम्ही इथे उभे आहात, विसरलात वाटतं?"

मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी माना लांब केल्या. या बाई रागावल्या तर घरात काय होतं, ते होयबाला चांगलं ठाऊक होतं. पण त्या दोन गोळ्या एकत्र पोटात गेल्या तर काय होऊ शकतं, तेही आता ठाऊक होतं. आणि ही फटकळ, खमकी बाई त्याला हवी होती, अगदी अशीच, भांडणारी.

"नाही!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की मागे मॅडमच्या हातातलं खोकं पडलं. "नाही देणार, आई. तुमच्या गोळीबरोबर ही घेतली तर आतून रक्तस्राव होऊ शकतो. कितीही रागवा, नाही म्हणजे नाही."

मॅडम धावत पुढे आल्या. सासूबाईंना खुर्ची देऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, आणि फोन उचलला जाईपर्यंत त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "सोमवारपासून तुम्ही पक्के."

सासूबाई मात्र त्याच्याकडे एकटक बघत होत्या. "लग्नाआधी मी विचारलं होतं, माझ्या मुलीला जपाल ना? तुम्ही पटकन हो म्हणालात. मला वाटलं, हा काय, सगळ्यांनाच हो म्हणतो. इतकी वर्षं धाकधूक होती हो." त्यांनी स्ट्रिप पर्समध्ये टाकली. "आज गेली."

होयबाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासूबाई लगेच मूळ पदावर आल्या. "चला, मला घरापर्यंत सोडा आता."

"नाही," होयबा डोळे पुसत म्हणाला. "दुकान बंद व्हायला वेळ आहे अजून."

"बरं बाई," सासूबाईंनी पाय लांब केले. "बसते मग."