आधी दोन घास

"साहेब येणार थंडगार विमानातून झोपून, नि इथं पाटी धरून खांदा आमचा उतरणार," रत्नप्रभाच्या कोपराला कोपर लावून उभा असलेला माणूस पुटपुटला. त्याच्या पाटीवर कुठल्याशा परदेशी पाहुण्याचं लांबलचक नाव होतं. बाई ऐकतेय हे बघून त्याला जोर चढला. "मावशी, तुमची पाटी कुठाय?"

"मला पाटी लागत नाही. चेहरा बघून ओळखते ती."

बोलून गेली आणि चपापली. चेहरा बघून ओळखते, हीच तर भीती होती. तिनं पदरानं तोंड खसखसून पुसलं, जसं काही तिथं लिहूनच ठेवलं होतं.

रत्नप्रभा परब घाटकोपरला भटवाडीतल्या एका दवाखान्यात केसपेपर लिहायची. रिपोर्ट बघून डॉक्टर गप्प झाले की म्हणायचे, "रत्नाबाई, यांना बाहेर बसवून जरा समजावून सांगा." मग ती समजावून सांगायची. घरातही तीच गत. घरमालकाकडे, चौकीवर, रुसलेल्या व्याह्यांकडे, जिथं जायला कुणाचा पाय उचलत नाही तिथं रत्नाला धाडायचं. "तिला सवय आहे," असं सगळे म्हणायचे. वाईट बातमी सांगायची माणसाला सवय होते, असं त्यांना खरंच वाटत असावं.

आजची कामगिरी धाकट्या दिरानं, रामचंद्रनं, दिली होती. सासूबाई काल सकाळी गेल्या. दुपारी नेलंही. नणंद श्वेता मस्कतला शाळेत शिकवते, तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आईचं जरा सीरियस आहे. मिळेल त्या विमानानं ये."

परगावच्या माणसाला बोलवायला आपल्याकडे हा एक शब्द ठरलेला आहे. सांगणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असतो, ऐकणाऱ्यालाही आतून ठाऊक असतो. पण त्या शब्दाच्या आडोशानं माणूस निदान प्रवास तरी करून येतं.

"घरी आणू नको आज," रामचंद्रनं बजावलं होतं. "दारातच दिवा बघून मटकन बसात ती. हॉटेलात ठेव. तिका आधी जेवूक घाल. दोन घास पोटात गेले म्हणजे मगे काय ता. सकाळी सगळे असताना सांगूया."

काचेचं दार सरकलं आणि ट्रॉली ढकलत श्वेता आली. चाळिशी उलटली तरी ट्रॉली अजून खेळण्यातल्या गाडीसारखी वाकडीतिकडीच ढकलायची. तिनं वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि भरभर बोलायला लागली. विमानात शेजारी कोण बसलं होतं, बॅग किती उशिरा आली, बाहेर किती उकडतंय. आई कशी आहे, हे तिनं विचारलंच नाही.

टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "वहिनी, घरी नक्की झालंय काय? दादा म्हणाला मोरीचा पाइप फुटलाय. तेजलला फोन केला तर ती म्हणते ढेकणांचं औषध मारलंय."

दिरानं आणि जावेनं निदान खोटं तरी एकत्र बसून ठरवावं, असं रत्नप्रभाच्या मनात आलं. मोठ्यानं ती म्हणाली, "दोन्ही."

"पाइप फुटला नि ढेकूण पण?"

"ओल आली की ढेकूण येतातच."

श्वेता हसली. हसताना ती आईसारखीच दिसायची, खालचा ओठ दुमडून. रत्नप्रभानं मान वळवून बाहेर बघितलं. सहार रोडवर गाड्यांचे लाल दिवे लागोपाठ उभे होते.

"ऐक ना, हॉटेल मरू दे. आधी हॉस्पिटलात जाऊ. सामान राहील गाडीत."

टॅक्सीवाल्यानं आरशात बघितलं. "कुठलं हॉस्पिटल, ताई? घाटकोपर साइडला असेल तर आताच बोला. मरोळला उतरायच्या ऐवजी सरळ घेतो."

"हो, घाटकोपरलाच—"

"नको," रत्नप्रभा म्हणाली. "आयसीयू आहे. या वेळी भेटू देत नाहीत."

"मी लांबून बघेन. काचेतून."

"काचेतून पण नाही."

"ही कसली गं पद्धत? मुलगी आहे मी तिची!"

"तुमचं कोण ॲडमिट आहे?" टॅक्सीवाल्यानं विचारलं.

"आई," श्वेता म्हणाली. "सीरियस आहे."

टॅक्सीवाल्याचा हात पुढे गेला आणि त्यानं रेडिओवर चाललेलं गाणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. श्वेतानं तो हात बघितला.

"पाय सुजलेत ना तिचे," थोड्या वेळानं तिनंच सुरू केलं. "म्हणून चपला एक नंबर मोठ्या आणल्यात. मऊ आहेत आतून. तुला काय वाटतं, होतील ना?"

"होतील."

"नाही झाल्या तर तू वापर."

रत्नप्रभानं मान डोलावली. काल सासूबाईंना न्हाऊ घालताना त्या सुजलेल्या पायांना तिनंच हळद लावली होती. चहाचं आधण ठेवायला आत गेली तेव्हा बाहेर पुरुषांची बोलणी चालली होती. शेजारच्या क्षमाची दुसऱ्या दिवशी हळद. मजल्यावर मांडव घातलेला. मढं घरात ठेवून कसं चालेल? कुणी तरी श्वेताचं नाव काढलं. त्यावर रामचंद्र म्हणाला, "तिका सांगूकच नाय, तर थांबायचा कशाक?" या हिशेबात कुणालाच चूक सापडली नाही. सासरे गेले तेव्हा हाच रामचंद्र सुरतेला होता. त्याच्यासाठी रात्रभर बर्फाच्या लाद्या बदलत बसले होते सगळे. रत्नप्रभाच्या ओठांवर ते आलं होतं. पण चहा उतू गेला, आणि ती फडकं शोधायला लागली.

हॉटेल मरोळच्या आत, मेट्रोच्या खांबांपासून दोन गल्ल्या सोडून होतं. श्वेता काउंटरवर पासपोर्ट दाखवत होती तेव्हा टॅक्सीवाल्यानं बॅग पायरीवर ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "कधी झालं?"

"काल."

त्यानं छातीला हात लावून मान खाली घातली आणि गाडीकडे वळला. परक्या माणसाला सांगायला एक शब्द पुरला होता.

खोली पांढरीशुभ्र होती. उशा इतक्या टम्म की डोकं ठेवायला लाज वाटावी. श्वेतानं पलंगावर बॅग उघडून चपला काढल्या, कागद झटकून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "सकाळी लगेच निघू हां. ती उठायच्या आत. मला बघून केवढी ओरडेल बघ, कशाक इलंस सुट्टी काढून म्हणून."

रत्नप्रभाचा फोन थरथरला. रामचंद्र. ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला.

"जेवली?"

"मागवलंय."

"पोटभर जेवूक घाल. काय बोलू नको हां, वहिनी. तुका सांगूक नको, तुका सवय आसा."

"भावोजी, ती चपला घेऊन आलीय."

तो म्हणाला, "सकाळी बघूया," आणि फोन ठेवला.

नळाचं पाणी वाहत राहिलं. रत्नप्रभाला आंबोळ्यांचा वास आला.

तिचा नवरा, शशिकांत, कामावर छातीत कळ येऊन गेला, त्या दिवशी तिलाही असंच 'सीरियस' सांगून माहेरून आणलं होतं. सासूबाईंनी पाटावर बसवून आंबोळ्या वाढल्या, काळ्या वाटाण्याची उसळ वाढली. "आधी खा गो चेडवा, मगे हॉस्पिटलात जावया." तिला भूक लागली होती. तरुण वय, लांबचा प्रवास. तिनं तिसरी आंबोळी मागून घेतली. दारात उभी असलेली माणसं तिला चावताना बघत होती. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, धूर झालाय. हात धुऊन आल्यावर सांगितलं.

म्हाताऱ्या बाईला शेवटपर्यंत वाटायचं, आपण सुनेवर मोठी माया केली. "उपाशी नाय ठेवलंय तुका त्या दिवशी," असं ती अधूनमधून म्हणायची. ते खोटंही नव्हतं. त्यानंतर कितीतरी वेळ रत्नप्रभाच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. पण ती तिसरी आंबोळी काही कधी पचली नाही. नवरा बर्फावर आणि आपण उसळ चाटून खातोय, हे सगळ्या घरानं पाहिलं होतं. एकटी तीच तेवढी पाहत नव्हती.

दारावर टकटक झाली. वेटर ट्रे ठेवून गेला. डाळ, भात, पापड, वाटीभर दही.

तिनं तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आली. श्वेता पलंगावर मांडी घालून बसली होती, ट्रे पुढ्यात ओढून. चमचा बाजूला ठेवून ती हातानं भात कालवत होती. भातात बोटं घातल्यावर तिच्या खांद्यावरचा सगळा ताण उतरल्यासारखा दिसला.

"विमानात काही खाल्लं नाही गं. घशाखाली उतरेना. आता तुला बघितलं तर भूक लागली." तिनं डाळीत पापड मोडला. "वहिनी, ये ना. एका ताटात जेवू."

रत्नप्रभा तिच्यासमोर पलंगाच्या कडेला बसली. टेबलावर फोन पुन्हा थरथरला आणि थांबला.

श्वेतानं घास केला, नीट, गोल, आई करायची तसा. उचलला. आणि तो तोंडाजवळ नेताना तिनं वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या वेळी नजर हलवली नाही. घास तसाच हवेत राहिला.

"वहिनी, तू का जेवत नाहीस?"

रत्नप्रभानं तिचं मनगट धरलं. डाळभात दोघींच्या हातांना लागला.

"ठेव तो घास, श्वेता. आई काल सकाळीच गेली. दुपारी नेलं तिला. तुझ्यासाठी कोणी थांबलं नाही. मी तिथंच होते, आणि मीही थांबा म्हटलं नाही."