लिफ्टने मनावर घेतलं

सकाळी साडेदहा वाजता सासूबाई लिफ्टने एकट्याच खाली आल्या. लिफ्ट तळमजल्यावर टेकली. दार उघडलं नाही.

साडेअकराला त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ही तारीख मिळवायला त्यांच्या मुलीने दवाखान्यात कित्येक महिने खेटे घातले होते. विसरलेली फाइल आणायला ती घरात वळली आणि तेवढ्यात सासूबाई पुढे निघाल्या. एरवी त्यांच्यासोबत कोणी ना कोणी असायचं, आणि उतरताना तेच आभार मानायचं. आभार मानल्याशिवाय ही लिफ्ट दार उघडत नाही.

सुरुवात जावयांनी केली. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी गोळीबरोबर सल्लाही दिला, की रोजच्या साध्यासुध्या गोष्टींचे आभार मानत जा. त्यांनी नळाचे मानले, चपलांचे मानले, लिफ्टचे मानले. नळाने आणि चपलांनी फारसं मनावर घेतलं नाही. लिफ्टने घेतलं. आधी तिला सवय लागली, मग ती अडून बसू लागली. रहिवाशांनी थोडी कुरकुर केली आणि "आभारी आहे" म्हणून उतरू लागले. जावयांचा रक्तदाबही उतरला.

"आई, एकदा म्हण आणि बाहेर ये," मुलगी दाराला तोंड लावून म्हणाली.

"काय म्हणू?"

"आभारी आहे, म्हण."

"हिला? अगं, ही बसवली तेव्हा तू माझ्या पोटात होतीस. घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का? तुझ्या बाबांना जन्मात कधी म्हटलं नाही."

"एकदाही नाही?"

"परका होता का तो?"

जावयांनी हात जोडून बाहेरूनच आभार मानले. लिफ्टने दाद दिली नाही. आतल्या माणसानेच मानायचे असतात हे त्यांना ठाऊक होतं, पण राहवलं नाही.

"जावईबापू, तुम्ही गप्प बसा," आतून आवाज आला. "तुम्हीच लाडावून ठेवलीत हिला."

मेकॅनिक आला. त्याने बटणांची पेटी उघडली, तारा चाचपल्या, पेटी बंद केली.

"मशीन ठणठणीत आहे. रुसलीय फक्त. ऐकलंत का मावशी?"

"रुसू दे की. आपलं माणूसच रुसतं."

यावर लिफ्टमधला कधीचा बंद पडलेला पंखा फिरू लागला. दिवा लख्ख झाला. दार मात्र जागचं हललं नाही. मेकॅनिकने दाराला कान लावला.

"झाला घोळ. तुम्ही आपलं म्हणालात ना! रुसवा गेलाय, पण आता तुम्हाला सोडवत नाहीये तिला."

"आई, तिला परकी कर!" मुलगी ओरडली. "आत्ताच्या आत्ता आभार मान!"

"इतका वारा घालतेय बिचारी, आणि मी तोंडावर आभार मानू? उद्या कुठल्या तोंडाने हिच्यात पाय ठेवू?"

साडेअकरा वाजून गेल्यावर दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर सव्वाबारापर्यंत थांबतील. त्यानंतर पुढची तारीख, आणि ती कधीची ते सांगता येणार नाही. मुलगी पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. ते आत ऐकू गेलं असावं. सासूबाईंनी घसा खाकरला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "डोळ्याचं तेवढं उरकून येते हं."

दार चार बोटं सरकलं आणि थांबलं.

'जाते' म्हटलं असतं तर तेवढंही सरकलं नसतं, असं मेकॅनिकचं म्हणणं आहे. जावयांना ते पटलेलं नाही. फटीतून सासूबाईंचा हात बाहेर आला. मुलीने तो घट्ट धरला. बारा वाजून पाच मिनिटांनी दार तेवढंच उघडं होतं. आत लिफ्टची घंटी एकदाच, विचारल्यासारखी वाजली, आणि सासूबाई तिला सांगत होत्या, "अगं हो, खरंच येते."