आठवं नाव

प्रकाशरावांनी लाल पेनने आठव्या नावावर आडवी रेघ मारली आणि कागद जयश्रीकडे परत सरकवला.

"हे कशाला घातलंस? कामरेजच्या पुढचं ते कॉलेज! तिथे पंखे तेवढे फिरतात, मास्तर काही फिरकत नाहीत."

हॉलमध्ये बसलेली पोरं खो खो हसली. जयश्रीही हसली, पण तिने कागद उचलला नाही.

"सर, तिथल्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात म्हणून घातलं. शेवटी. बाकी कुठेच नाही लागलं तर."

"तुझा नंबर चौदा हजारात आहे. राखीव जागांची यादी गेल्या वर्षी अठरा हजारांपर्यंत खाली आली होती. तुला कुठेच नाही लागलं तर मी मिशा काढेन."

मिशा मोठ्या झुबकेदार होत्या, तेव्हा पोरं पुन्हा हसली. गुजरातेत पोटासाठी आलेल्या मराठी माणसांच्या, नवागाममधल्या कानबाई उत्सव मंडळाचा हा हॉल. वर्षातले अकरा महिने त्यात मंडपाचे बांबू आणि सतरंज्या पडलेल्या असत. या वर्षी मंडळाने प्रकाशरावांना गळ घातली होती. ते मूळचे नाशिकचे, बँकेतून निवृत्त झालेले, पर्वत पाटियाजवळच्या सोसायटीत राहणारे. आपल्या मुलीची, शर्वरीची कॉलेजांची यादी त्यांनी स्वतः बनवली आणि तिला हवं ते मिळालं. तेव्हापासून सोसायटीतल्या मास्तरांची, बँकवाल्यांची मुलं दर जूनमध्ये त्यांच्या दारात. सात वर्षांत त्यांचा अंदाज एकदाही चुकला नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच चारचौघांत सांगत.

मंडळाचे लोक म्हणाले, साहेब, आमची लूमवर कापड विणणाऱ्यांची पोरंही आता बारावी होतात, पण त्यांना सांगणारं कोणी नाही. प्रकाशरावांना खरंच भरून आलं. ते रोज दुपारी रिक्षाने येऊ लागले. बारा पोरं, बारा फाइली. प्रत्येक फाइलीत गुणपत्रक, गावाकडून आणलेला जातीचा दाखला आणि गुणवत्ता यादीच्या पानाची प्रत.

जयश्री अजून उभीच होती.

"सर, अजून एक. कागद तपासायला प्रवेश केंद्रावर गेलो होतो ना, तिथल्या बेननी माझा जातीचा दाखला परत दिला. 'आ तो महाराष्ट्रनो छे' म्हणाल्या."

"मूळ प्रत होती ना? मूळ प्रत परतच देतात. बँकेतसुद्धा बघून परत करतो आम्ही."

"गोपालला पण परत दिला. सगळ्यांनाच."

"मग? एकट्या तुला दिला असता तर काळजी करायची. जा, उद्या पाचच्या आत यादी लॉक करा सगळ्यांनी. आणि ऐका रे, शेवटी भलतीसलती नावं टाकून ठेवायची नाहीत. खालचं घेतलं की माणूस खालीच राहतो."

जयश्रीने कागदाची घडी केली. तिला कशाची धास्ती होती ते प्रकाशरावांना ठाऊक होतं. तिचा बाप धुडकू लूमवर बारा बारा तास उभा राहणारा माणूस, शब्दाचा पक्का. त्याने बायकोसमोर सांगून टाकलं होतं, पहिल्या यादीत नंबर लागला तर पोरगी शिकेल, नाही लागला तर शिरपूरच्या स्थळाला होकार. दुसरी फेरी, तिसरी फेरी त्याला माहीत नव्हती आणि माहीत करून घ्यायचीही नव्हती. यादी मंगळवारी लागणार होती आणि शिरपूरचे पाहुणे बुधवारी येणार होते.

रविवारी सकाळी प्रकाशराव जेवणाच्या टेबलावर फाइली लावत बसले. काम संपलं होतं, यादी बदलायची मुदत काल पाचला टळली होती. त्यांच्या पत्नी वंदनाताई समोर मेथी निवडत होत्या.

"झालं ना एकदाचं? मिशा शाबूत राहतील ना?" त्यांनी विचारलं.

प्रकाशराव हसले. हसता हसता त्यांनी जयश्रीच्या गुणवत्ता यादीचं पान फाइलीत सरळ बसवलं, आणि त्यांची नजर नंबराच्या पुढच्या, प्रवर्गाच्या रकान्यावर गेली. तिथे गुजरातीत एकच शब्द होता. खुला.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग गोपालची फाइल उघडली. खुला. भिकनची, स्वातीची, हिलालची. खुला, खुला, खुला. एवढे दिवस ते पान त्यांच्या हाताखालून गेलं होतं, पण त्यांचं बोट नंबरावर थांबत आलं होतं. सोसायटीतल्या मुलांचं ते तसंच करत. त्यांच्या घरी कधी जातीचा दाखला लागला नव्हता, सोसायटीतल्या एकाही पोराच्या फाइलीत तो आला नव्हता. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात चालत नाही, हे कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. त्यांनी कोणाला विचारलं नाही. विचारायची सवयच राहिली नव्हती.

खुल्या जागांची यादी गेल्या वर्षी नऊ हजारांवर थांबली होती.

"काय झालं हो?" वंदनाताई म्हणाल्या. "घाम कसला आला एवढा?"

"दाखला परत दिला होता त्यांनी," प्रकाशराव म्हणाले. "पोरगी सांगत होती मला."

दुपारी ते नवागामला पोचले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. रविवार असला तरी लूम चालूच होते, आणि त्यांचा खडखडाट गल्लीच्या भिंतींतून पायांपर्यंत येत होता. खोलीत जयश्रीची आई प्रमिलाबाई साड्यांच्या ढिगात बसून मागचे लोंबते धागे कातरत होत्या. प्रकाशरावांना पाहून त्या लगबगीने उठल्या.

"या सर, बठा. आज आमना घर उनात! जयू, सरले पाणी दे. मी चहा ठेवस."

"नको, चहा नको."

"असं कसं? तुमनामुये पोरगीनं नशीब उघडनं." आणि त्या दूध आणायला बाहेर पडल्या. जाता जाता शेजारणीला ओरडून सांगितलं, सर आलेत म्हणून.

भिंतीवर, देवाच्या फोटोखाली, प्रकाशरावांच्या लाल रेघेचा तो कागद खिळ्याला लावलेला होता. बाजूला खुंटीवर नव्या साडीची पिशवी. पाहुण्यांसमोर नेसायची असणार. प्रकाशरावांना ती पिशवी बघवेना.

"जयश्री," ते म्हणाले, "माझी चूक झाली."

बँकेत त्यांनी हे वाक्य चाळीस वर्षांत कोणासमोर उच्चारलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. दाखला, रकाना, नऊ हजार. ती पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकत राहिली. तिने रडावं, ओरडावं, निदान काही विचारावं असं त्यांना वाटत होतं.

"म्हणजे सातमधलं एकही नाही?"

"एकही नाही. मी तुझ्या वडिलांशी बोलतो. पाया पडतो त्यांच्या. दुसऱ्या फेरीपर्यंत थांबा म्हणतो."

"बाबा नाही थांबणार, सर."

तिने तांब्या खाली ठेवला, साड्यांच्या ढिगावरचा मोबाइल उचलला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग त्यांच्यासमोर धरला. लॉक झालेली यादी होती. एक, दोन, तीन करत ते खाली गेले. सातनंतर आठ होता. कामरेजच्या पुढचं कॉलेज.

"मी काढलंच नव्हतं," ती खाली बघत म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. बाबा म्हणतात, लूमवरचं धाग्याचं बीम संपलं तरी जुन्या तारा सगळ्या काढून टाकायच्या नाहीत. थोड्या राहू द्यायच्या. नवीन बीमच्या तारा त्यांनाच गाठी मारून जोडतात. सगळं साफ केलं की पहिल्यापासून भरत बसावं लागतं."

प्रकाशराव खाटेवर बसले. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं आणि त्यांना हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. वाचली पोरगी. ज्या माणसाला आपण अडाणी म्हणून घाबरत होतो, त्याच्याच एका वाक्याने वाचली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपण शर्वरीला शंभर वेळा सांगितलं असेल, आणि इथे येऊन मात्र मिशांवर पैजा मारत बसलो.

"शहाणी आहेस," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा शहाणी." मग त्यांनी विचारलं, "बाकीच्यांनीही असंच केलं असेल ना? गोपाल, स्वाती... ठेवलं असेल ना शेवटी काहीतरी?"

 जयश्रीने मोबाइल ओढणीत गुंडाळला.

"मी सांगितलं होतं त्यांना, सर. ते म्हणाले, सर बोलले म्हणजे झालं."

बाहेर चपला वाजायला लागल्या. प्रमिलाबाईंनी गल्लीभर वर्दी दिली होती. दारात आधी हिलालची आई आली, तिच्यामागे भिकन आणि त्याचा बाप, रात्रपाळी करून झोपेतून उठून आलेला, हातात श्रीफळ. स्वातीच्या आजीने वाटीत साखर आणली होती. सगळ्यांना आत जागा नव्हती, तरी सगळे आत बघत होते.

गोपाल माणसांमधून वाट काढत पुढे आला. त्याने वाकून प्रकाशरावांच्या पायांना हात लावला.

"सर, माझ्या यादीत नऊ नावं होती," तो हसत म्हणाला. "तुमचं ऐकून खालची पाचही काढून टाकली."